काडेपेटीतला काटा

कर्जतला टेंपोतून उतरताना कोंडाजीने एका हाताने सायकलचं चाक धरलं आणि दुसऱ्या हाताने खिशातली काडेपेटी चाचपून पाहिली. काडेपेटीत बाभळीचा काटा होता. पुरावा होता तो. आज साईराजच्या सायकलच्या दुकानात चार लोकांसमोर तमाशा करायचा, हे त्याने खालापूरहून निघतानाच ठरवलं होतं.

रविवारी त्याच्या पोरीचं, रियाचं वाटोळं झालं होतं. कर्जत ते खालापूर आणि परत, अशी निवडीची सायकल शर्यत होती. पहिल्या तिघींना पुण्याच्या अकादमीत राहून शिकायला मिळणार होतं. रियाला पुढच्या महिन्यात एकोणीस पूर्ण होत होती, की मग वय संपलं. परतीच्या वाटेवर ती दुसरी होती. चौक गावाच्या अलीकडे पुढच्या चाकात काटा गेला आणि हवा फुस्स. ती सायकल ढकलत पोचली तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. तिसरी आली रसायनीची सुरभी, जिला रियाने सरावात दहा वेळा मागे टाकलं होतं.

तेव्हापासून रिया भिंतीकडे तोंड करून पडून होती. त्याची बायको भागूबाई पोरीपुढे ठेवलेलं ताट तसंच उचलून नेत होती. कोंडाजीने काही विचारलं, तर "नशीब, बाबा," एवढंच.

नशीब कसलं? टायर साईराजने बसवले होते, बिनट्यूबचे. काटा गेला तरी भोक आपलं आपण बुजतं, चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही, असं रिया त्याच्याकडून ऐकून आली होती. कोंडाजी तेव्हाच हसला होता. खालापूरच्या नाक्यावर तीस वर्षं पंक्चर काढणारा माणूस तो. आपोआप बुजलेलं एकही भोक त्याने पाहिलं नव्हतं.

आपल्या बाजूने त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. शनिवारी रिया अंगावर लावायचा नंबर आणायला गेली, तेव्हा त्याने टपरी बंद ठेवून सायकल सुटी केली. आतून-बाहेरून धुतली, फडक्याने कोरडी केली, चेनला तेल दिलं, कंप्रेसरने हवा भरली. चाकं पाण्याच्या घमेल्यात बुडवून पाहिली. एक बुडबुडा नाही. रविवारी शर्यतीच्या जागी तो भेटेल त्याला सांगत होता, की पोरीची सायकल मी स्वतः तयार केलीय. गावातली पंधरा-वीस माणसं मुद्दाम आली होती. ती ऐकतायत म्हटल्यावर कोंडाजीला आणखीच चेव चढला होता.

सुटायच्या आधी रियाने सायकलचं पुढचं चाक उचलून कानाशी नेलं आणि हलवलं. मागचंही तसंच केलं. मग ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय गं, आत नाणी टाकलीत काय मी?" तो म्हणाला, आणि माणसं हसली.

तीही हसली. सायकल छान झालीय म्हणाली आणि वाकून त्याच्या पाया पडली.

त्यानंतरच साईराज हातात पिशवी घेऊन तिच्याजवळ गेला होता. काहीतरी हळूच बोलला, चाकापाशी वाकला, तिने मान हलवली तसा निघून गेला. कोंडाजीला हे काल आठवलं आणि त्याच्या डोक्यात सगळं जुळलं. सुरभीचे टायरही साईराजच्याच दुकानातले होते.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, साईराज एकटाच होता. कोंडाजीने चाक फरशीवर टाकलं आणि काडेपेटी उघडून काटा त्याच्या नाकासमोर धरला.

"एवढ्याशा काट्यानं माझी पोर बसली. काय केलंस रं तू चाकाला?"

साईराज भांडला नाही. बसा काका, म्हणाला. काटा उलटसुलट करून पाहिला. असले काटे हे टायर रोज पचवतात, म्हणाला. मग टायरची एक कड रिमवरून उतरवून त्याने आत बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं.

"यातलं लिक्विड कुठं गेलं, काका?"

"कसलं लिक्विड?"

साईराजने फळीवरची बाटली हलवून दाखवली. आतलं पांढरं, दुधासारखं डुचमळलं. काटा गेला की हेच भोकात शिरून घट्ट होतं, तो म्हणाला. दोन्ही टायरमध्ये त्याने स्वतः घातलं होतं.

कोंडाजीने तो रंग ओळखला. शनिवारी टायर उघडल्यावर आत असलंच काहीतरी निघालं होतं, गुठळ्या धरलेलं. नासकं पाणी शिरलंय, असं त्याला वाटलं होतं. तीस वर्षांत टायरमध्ये जे ओलं सापडलं ते त्याने आधी पुसून काढलं होतं, कारण ओल्यावर ठिगळ बसत नाही. साबण लावून दोन्ही टायर धुतले होते त्याने. बादली गटारात ओतली होती.

पोरीचं वाटोळं दुसऱ्या कुणी नाही, आपण केलं. त्याला जागच्या जागी मरावंसं वाटलं.

"मी धुतलं रं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, घाण हाय. तिला ठावं नाय. आता घरी जाऊन सांगतो तिला. तिच्या पाया पडतो."

साईराजने बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाला, की निघायच्या आधी चाक कानाशी धरून हलवायचं, आत डुचमळ ऐकू आली नाही तर निघायचं नाही, हे त्याने रियाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"रविवारी तिनं चाक कानाला लावलं तसा मी हीच बाटली घेऊन गेलो, काका. म्हटलं, घालू का, दोन मिनिटांचं काम हाय. तर तुमच्याकडं बघून म्हणाली, नको, बाबांनी सगळं केलंय."