घराला टेकलेला डोंगर

पाहणीला आलेल्या साहेबांनी माझा बक्षीस मिळालेला फोटो अख्ख्या वाडीसमोर उंच धरला. "बघा, डोंगर छपरांना टेकलाय. एखाद्या पावसाळ्यात गाडले जाल!"

"कुठं टेकलाय?" धोंडाबाई म्हणाली. "तिथनं लाकडं आणायची तर दुपार होते."

फोटो मी नदीपलीकडून, सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने काढला होता. एवढी लांब लेन्स मागचा डोंगर ओढून घरांना चिकटवते, हे मला तिथंच सांगता आलं असतं. पण परीक्षकांनी नेमकं त्या डोंगराचंच कौतुक केलं होतं. ती लेन्सची करामत आहे हे म्हणायला माझी जीभ रेटेना. महिन्याभरात वाडी उठली आणि नदीपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये आली.

दोन वर्षांनी तोच देखावा टिपायला गेलो, तेव्हा धोंडाबाई शेडमधून धावत आली. "दादा, तुमच्या नळीतून माझं घर जवळ दिसत असंल. दाखवा की."

मी कॅमेरा तिच्या घरावर रोखला. एक डोळा मिटून तिने पाहिलं आणि ती हरखली. "धूर निघतोय! माझी चूल पेटलीय!"

मग तिने डोळा कॅमेऱ्याला आणखी घट्ट लावला.

"गॉगलवाली माणसं भाकरी भाजतायत. भिंतीवर हॉटेलाचा बोर्ड आहे, त्यावर तुम्ही काढलेला तोच डोंगराचा फोटो. दादा, ह्यांच्यावर नाही का पडत डोंगर?"

"मावशी, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो. "उजेड चाललाय."