उंच फळी

रंगाचे दोन हात झाले, तरी वास जाईना.

"मले तर अजून येऊन राह्यला, भाऊ," जफर मिस्त्री म्हणाला. कुंचला डब्यावर आडवा ठेवून त्याने पुन्हा नाक वर केलं. "भिंतीत मुरला हा. वरून रंग मारून कायले जाते?"

नरहररावांनी जोरात श्वास ओढला. त्यांना रंगाखेरीज कसलाच वास आला नाही. घराच्या याच पुढच्या खोलीत त्यांनी सतरा वर्षं कृषी केंद्र चालवलं होतं. कपाशीला भाव नसायचा, तिच्यावर मारायचं औषध मात्र दर हंगामात नवं यायचं, आणि ते सगळं इथेच रचलेलं असायचं. त्यांच्या नाकाने केव्हाच हात टेकले होते.

"तुम्ही दोघं उगीच मनात घेऊन बसलात," ते म्हणाले.

मंजुषाबाईंनी नवऱ्याचं बोलणं कानाआड करून खिडकी सताड उघडली. घर बघायला आलेली आधीची दोन गिऱ्हाइकं उंबरठ्यावरूनच परतली होती, ती काही मनात घेऊन नव्हे. त्यानंतर त्यांनी फरशी उखडून नवी बसवून घेतली, गिलावा करवला, आठ दिवस कडुनिंबाचा धूर केला आणि वर फिनेल ओतलं. आता रंगाखेरीज खोलीला तीन वास येत होते. नागपूरला मितालीचं बाळ चार महिन्यांचं झालं होतं, आणि त्या घरात मी त्याला आणायची नाही, असं लेकीने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. घर विकायचं, पांढरकवडा सोडायचं आणि नातवाजवळ जाऊन राहायचं, यापलीकडे मंजुषाबाईंना आता काही सुचत नव्हतं.

दुकानाच्या मांडण्या काढून टाकल्या होत्या. कोपऱ्यात छताखाली एक कडप्प्याची फळी तेवढी राहिली होती, भिंतीत पक्की बसवलेली. जफर तीही काढू म्हणत होता. नरहररावांनी काढू दिली नाही. घेणाऱ्याच्या उपयोगी पडेल म्हणाले. मग काल जफरने तिच्या कडेने गिलावा केला आणि तिलाही रंग फासला.

चारच्या सुमारास किसनराव घर बघायला आले. पोस्टात होते. सोबत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती.

"ही आमची वहिनी, कोकिळा," ते म्हणाले. "भाऊ मागच्या पोळ्याले गेला. आता वहिनी अन् दोन लेकरं आमच्यापाशीच राहतीन. म्हटलं, वहिनीच्याच पसंतीनं घ्यावं."

त्यांनी मोरीतला नळ सोडून पाहिला, नव्या फरशीवर पाय आपटून पाहिला. पुढच्या खोलीत शिरताना मात्र त्यांचं नाक आक्रसलं. मंजुषाबाई लगबगीने पुढे झाल्या.

"रंग ताजा आहे ना," त्या म्हणाल्या.

"हो, रंगाचाच वास आहे तो," जफर कोणाकडे न बघता म्हणाला. त्याला तसं म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं.

कोकिळा खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिने पदर नाकाला लावला नाही. गिऱ्हाइकाला घर पसंत पडलं, असं वाटून नरहररावांना हुरूप आला. त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

"ही फळी पाहा. मुद्दाम ठेवली आहे. काचेचं सामान म्हणा, औषधपाणी म्हणा, काय ठेवायचं ते ठेवा. लेकरांचा हात पोचणार नाही."

कोकिळाने वर पाहिलं.

"तुम्ही तवाबी असंच म्हनलं होतं," ती म्हणाली.

"केव्हा?"

"मागच्या साली. इथंच काउंटर होता. लेकरायच्या बाबानं चिठ्ठी देऊन मले धाडलं होतं, कपाशीचं औषध न्यायले. तुम्ही बाटली कागदात गुंडाळली अन् म्हनलं, बाई, लेकरायचा हात पुरणार नाही अशा जागी ठेवजा."

नरहरराव ते प्रत्येकालाच सांगत. बाकीचे दुकानदार तेवढंही सांगत नाहीत, याचा त्यांना अभिमान होता. ही बाई मात्र त्यांना आठवेना.

"मग?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच कळलं की विचारायला नको होतं.

"मंग काय? ठेवली. घरात उंच फळी ठोकून घेतली तिच्यासाठी." कोकिळाचा आवाज चढला नाही. "लेकरायचा हात नाही पुरला कधी."

किसनराव खाली फरशीकडे बघू लागले. मंजुषाबाईंना वाटलं, संपलं, हेही गिऱ्हाईक गेलं. आणि आपल्याला आधी हेच वाटलं, याची त्यांना तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की त्यांनी आधाराला भिंतीवर हात टेकला. तळव्याला ओला रंग लागला.

"घर चांगलं आहे, भाऊजी," कोकिळा दिराकडे वळून म्हणाली. "शाळा जवळ आहे. घ्या. ती फळी तेवढी काढाले सांगा. आत्ताच, माह्या डोळ्यासमोर."

जफरने नरहररावांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. जफर स्टुलावर चढला, छन्नी लावली आणि हातोडा हाणला. कालचाच गिलावा खपलीसारखा सुटून खाली पडला. फळीचं भिंतीतलं टोक उघडं झालं. सतरा वर्षं गळक्या बाटल्यांमधलं औषध पिऊन ते पिवळंकाळं पडलं होतं.

दुसरा घाव पडायच्या आत नरहररावांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.