अठरा अंश

दात घासता घासता यशपालने कान दिला. पाहुण्यांच्या खोलीतून गुडगुड ऐकू येत नव्हती.

"थांबलं," तो तोंडातल्या ब्रशसकट म्हणाला.

"काय, बाबांचा खोकला?" रोहिणीने पलंगावरूनच विचारलं.

"बिअर."

रोहिणीने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. शनिवार होता, आणि नवऱ्याशी भांडायला लागते तेवढी ताकद आठवड्याने शिल्लक ठेवली नव्हती.

पाहुण्यांच्या खोलीत पाहुणे दोन होते. एक, नागपूरहून आलेले यशपालचे वडील राजानंद, पोस्टातून निवृत्त. दुसरं, तीन पायांवर उभं असलेलं स्टीलचं चकचकीत पिंप, खाली नरसाळ्यासारखं निमुळतं, बुडाला तोटी, झाकणावर नळी. त्यात बिअर आंबत होती. गाळ निमुळत्या बुडाशी बसतो, तोटी उघडली की निघून जातो, वरची बिअर नितळ राहते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच गाळाची इतकी चांगली सोय नव्हती.

पिंपाला अठरा अंश लागत. तळघरात फार थंडी, बैठकीच्या खोलीत फार ऊब. अठरा जमत ते पाहुण्यांच्या खोलीतच. त्याच्यावर गेलं की बिअरला केळ्याचा वास मारतो, आणि यशपालच्या विभागप्रमुखांना केळं आवडत नव्हतं. येत्या फाशिंगच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, शनिवारी ते आणि विभागातली सगळी मंडळी घरी येणार होती. यशपालला जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये आठ वर्षं झाली होती. जेवायला बोलावलं की प्रत्येकाला काही ना काही काम निघायचं. घरी बिअर करतो म्हटल्यावर मात्र सगळे एका सुरात "जा, गेर्न!", म्हणजे "हो, आनंदाने!" म्हणाले होते.

पिंप म्हणजे पाण्याचा फिल्टर, असं राजानंदांना सांगितलेलं होतं. इथलं पाणी जड असतं. आणि खोली इतकी गार का, तर हायझुंग, म्हणजे हीटर, बिघडलंय, इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर येऊन दुरुस्त करणार आहे. हाउसमाइस्टर अजून आला नव्हता. जर्मनीत सगळं वेळेवर होतं असं ऐकून आलेल्या राजानंदांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

"सांगून टाक ना खरं," पांघरुणाच्या आतून रोहिणी म्हणाली. "चिडतील. दोन दिवस बोलणार नाहीत. पण उबेत तरी झोपतील."

"पाचवं शील आहे त्यांचं. नशा नाही म्हणजे नाही. दारूचं दुकान दिसलं की रस्ता बदलणारा माणूस आहे तो."

"आणि चौथं कोणाचं आहे? खोटं न बोलण्याचं?"

यशपालने चूळ भरली आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार ढकललं.

राजानंद मांडी घालून पलंगावर बसले होते. अंगात एकच स्वेटर, हात काखेत. नागपूरहून बॅगेत कोंबून आणलेली त्यांची गोधडी पिंपाला गुंडाळलेली होती. वरून त्यांचाच मफलर आवळून बांधला होता. झाकणावर, नळीला धक्का लागणार नाही अशा बेताने, त्यांची कानटोपी होती.

"बाबा, हे काय?"

"पहाटे बंद पडलं. गारठलं होतं. आता चालू झालंय, ऐक."

गोधडीच्या आतून दबका आवाज आला. गुडुक.

"फिल्टरला कशाला गोधडी..." यशपाल म्हणाला. पुढचं वाक्य रचायचा त्याला कंटाळा आला.

"आमच्या घरी मडक्यात मोहाचा सडवा आंबत असायचा," राजानंद म्हणाले. "माझा बाप दारू गाळायचा. तुला कधी सांगितलं नाही. हिवाळ्यात मडकं असंच रुसायचं. घरात गोधडी एकच. ती मडक्याला. आम्ही भावंडं एकमेकांना चिकटून झोपायचो."

मनीऑर्डरला किती दिवस लागतील ते खिडकीतून सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

"मग?"

"मग छप्पन साल आलं. दीक्षा घेतली, पाच शीलं घेतली. बापाने घरी येऊन आधी मडकं फोडलं. मोठी माणसं म्हणत होती, आजपासून आपण माणसं झालो. खरंच होतं ते. मी आठ वर्षांचा. मला एवढंच कळलं, की आता रात्री गोधडी आपल्याला."

पिंपात पुन्हा गुडुक झालं. बरं चाललं होतं त्याचं.

यशपाल खिडकीखाली वाकला. हायझुंगचा एक ते पाच आकड्यांचा खटका त्यानेच एकवर ठेवला होता. त्याने त्यावर बोटं ठेवली. सगळी मंडळी टेबलाभोवती बसली आहेत आणि विभागप्रमुख ग्लास नाकाशी नेऊन परत खाली ठेवत आहेत, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं. मग त्याने खटका पाचवर नेला.

पाइपात कुठेतरी टकटक झाली, आणि लोखंड हळूहळू तापायला लागलं.

राजानंदांनी काखेतले हात काढले आणि तिकडे पसरले.

"आला वाटतं हाउसमाइस्टर," ते म्हणाले.