भिंतीकडचं स्टूल

"स्त्रियांचं अज्ञान हाच धनुर्वाताचा खरा जंतू आहे," आरोग्य अधिकाऱ्यांनी लसीकरणाच्या खोलीत जाहीर केलं. त्या वेळी जनजागृतीचं पोस्टर त्यांनी उलटं धरलं होतं. सिस्टरने ते सरळ करून भिंतीला चिकटवलं आणि मान डोलावली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिला मान डोलावण्याचा चांगला सराव झाला होता.

तिचं दुखणं वेगळंच होतं. गरोदर बायका पहिलं इंजेक्शन घ्यायच्या. महिन्याने दुसरं घ्यायला निम्म्या फिरकायच्याच नाहीत. हे तिच्या जिव्हारी लागायचं. तिचा हात इतका हलका, की बायका विचारायच्या, "झालं? टोचलंत कधी?" या हाताचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

अधिकाऱ्यांनी तिला एक फॉर्म दिला. न आलेल्या बायकांना गाठायचं आणि चारपैकी एका कारणावर खूण करायची: अज्ञान, भीती, नवऱ्याचा विरोध, आळस.

फॉर्म घेऊन ती कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत गेली. इस्त्रीवालीला सातवा महिना होता. पोट टेबलाला टेकलेलं आणि उजव्या हातात सहा किलोची इस्त्री.

"काय गं, सुईला घाबरलीस?"

"तुमच्या सुईला कोण घाबरतंय, ताई? मुंगी जास्त जोरात चावते."

"मग नवरा नको म्हणाला?"

"तो रोज विचारतो, घेतलंस का, घेतलंस का. डोकं खाल्लंय नुसतं."

"अगं, मग अडलं कुठं? बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"उजव्या दंडात अडलं. मागच्या वेळी दोन दिवस हात वर होईना. ही इस्त्री काय फुंकर मारून उचलायची?" मागच्या दोघी, त्याही पोटुशा, कामं थांबवून हसल्या. "आम्हा सगळ्यांचं हेच. आमच्यात एक डावखुरी आहे, तिची दोन्ही इंजेक्शनं झाली."

"मग डावा दंड पुढे करायचा."

"कसा करणार? स्टुलावर बसलं की डावीकडे तुमची भिंत."

ते स्टूल भिंतीला चिकटून सिस्टरनेच ठेवलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवशी. हाताचं कौतुक तिने रोज ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशीचं तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. फॉर्मवर भिंतीसाठी जागा नव्हती. तिने तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

परत आल्याआल्या तिने स्टूल खोलीच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीपाशी नेलं. आता बसणारीची डावी बाजू मोकळी होती. संध्याकाळी घरी जाता जाता लॉन्ड्रीत तिने एवढंच सांगितलं, "मंगळवारी या. भिंत हलवलीय."

मंगळवारी रांग दारापर्यंत गेली. सगळ्यांत पुढे इस्त्रीवाली, मागे लॉन्ड्रीतल्या दोघी, त्यांच्यामागे ही बातमी ऐकून आलेल्या शिलाई कारखान्यातल्या नऊ जणी. सिस्टरची मान एरवीपेक्षा दोन बोटं तरी उंच झाली होती.

तेवढ्यात अधिकारी फोटोग्राफर घेऊन आले. रांग पाहून त्यांचा ऊर भरून आला.

"पाहिलंत? एका पोस्टरने अज्ञान हटवलं," ते म्हणाले. खिडकीजवळचं स्टूल त्यांनी स्वतः ओढत पोस्टरखाली नेलं, पुन्हा भिंतीला चिकटवलं आणि फोटोसाठी ऐटीत बसले.

इस्त्रीवाली डावी बाही वर करून उभीच राहिली. सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मान डोलावली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "जरा उठता का? स्टूल हवंय."