निर्जळी उपासाची गोळी

हरतालिकेची वाळूची पिंड मांडून आळीतल्या बायका पाटाभोवती बसल्या होत्या. नलूने आपल्या गोळ्यांची पुडी हळूच पदराखाली सारली. निर्जळी उपासाला गोळी गिळायची कशी? गेल्या वर्षी याच हट्टापायी तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. थायरॉइडची एकवेळ चुकली तर चालेल, पण अ‍ॅड्रिनल ग्रंथीची चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चारचौघींत पाणी पिणार कोण?

सासूबाई तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या. “आ कर.”

“अहो आई, उपास मोडेल!”

“मोडू दे. पार्वतीने उपास केला तो नवरा मिळावा म्हणून. तुला मिळालाय, आणि तो कसा आहे ते मला विचार!”

बायका खो-खो हसल्या. नलूलाही हसू आवरेना. “आधी गीळ, मग हस,” सासूबाई ओरडल्या. नलूने पदराखालची पुडी काढली आणि डोळे मिटून दोन्ही गोळ्या गिळल्या.

तेवढ्यात शेजारच्या मथुकाकू पुटपुटल्या, “माझी बीपीची राहिलीय हो.”

“माझी शुगरची,” कोपऱ्यातून आवाज आला.

मग कोणाच्या कनवटीतून, कोणाच्या बटव्यातून पुड्याच पुड्या निघाल्या. तांब्या पुन्हा भरावा लागला. पोटाला आधार हवा म्हणून नैवेद्याची केळीसुद्धा वाटली गेली.

पूजा जरा उशिराच आटोपली. मग नलूने मथुकाकूंचे हात धरून अशी गरागरा फुगडी घातली की काकू किंचाळल्या, “नले, थांब गं! तुझी अर्धी तरी गोळी मला द्यायचीस!”