बिननावाची तक्रार

"तक्रार इथूनच गेली ना?" पुनमचंद आत येता येताच म्हणाला. त्याच्या मागोमाग त्याच्या ऑफिसातला दिपक.

महेजबीनने मान वर केली. गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या तिच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात तेव्हा दोनच गिऱ्हाइकं होती. एक वसरामकाका; पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आलेले. दुसरी भिकाबाई, काकांच्या सोबतीने परत जायला बाकावर थांबलेली; दोघंही एकाच तांड्यावरचे. सकाळी भिकाबाईनेच महेजबीनकडून सरकारी पोर्टलवर तक्रार टाकून घेतली होती. तांड्यावरची पाण्याची टाकी कागदावर भरून वाहत होती आणि बाया मात्र अजून घागरी घेऊन शेतातल्या विहिरीवर जात होत्या. कोरड्या टाकीचा फोटोही जोडला होता. नाव तेवढं टाकू नको, असं तिने बजावून सांगितलं होतं. ओटीपीसाठी मोबाइल नंबर मात्र तिचाच द्यावा लागला होता; तो पोर्टलवर कोणाला दिसत नव्हता, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर उमटला होता. तिचा मुलगा पुनमचंदच्याच ट्रॅक्टरवर होता, आणि टाकीचा ठेकेदारही पुनमचंदच.

तक्रार साहेबाने वाचली की नाही देव जाणे, ठेकेदाराला मात्र फोन गेला होता, आणि गावात असलं दुकान हे एकच. चोराची खबर चोरालाच द्यायची आणि पगार सरकारचा घ्यायचा! महेजबीनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"कोण लिहून गेलं, तेवढं नाव सांग," पुनमचंद म्हणाला. "तुला काही तकलीफ न्हाई."

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसते, शेठ."

"मंग मशीन सांगंल. बस रे दिपक."

वसरामकाकांचा अंगठा यंत्रावर धरायला महेजबीन खुर्चीतून उठली होती. खुर्ची रिकामी पाहून दिपक तीत बसलासुद्धा. दुकान कोणाचं, खुर्ची कोणाची, आणि बसतो कोण!

"हिस्ट्री पुसून टाकलेली हाय," माउस फिरवत तो म्हणाला. "पण कॅश असंल ना. उघडलेल्या पानांचा साठा." त्याने हार्ड डिस्क धुंडाळली, तिथे काही नव्हतं. मग त्याला बाजूला आणखी एक डिस्क दिसली. "ताई, रॅम डिस्क? हुशार हाव बरं तुमी!"

त्यात हुशारी कसली, गरज होती. जुनी हार्ड डिस्क रखडत चालायची, म्हणून महेजबीनने रॅमचाच एक हिस्सा डिस्कसारखा वापरायला काढला होता आणि ब्राउझरचा सगळा साठा तिकडे वळवला होता. पानं झटकन उघडायची. आणि कॉम्प्युटर बंद झाला की साठाही जायचा. लोकांचे फोटो, लोकांचे आधार दुकानात पडून राहायचे नाहीत. तिला खरी आवडली होती ती ही दुसरी गोष्ट.

"संध्याकाळी आलो असतो तर हात हलवत गेलो असतो, शेठ," दिपक म्हणाला. "पण मशीन अजून चालू हाय. सकाळपासून जे जे उघडलं ते इथंच हाय. दोन मिनिटं द्या."

भिकाबाईने पदराचं टोक दातात धरलं. महेजबीनने मुद्दामच तिच्याकडे पाहिलं नाही. एरवी उठसूट जाणारी वीज आज गेली असती तरी उपयोग नव्हता, इन्व्हर्टर होता. तिला वाईट वाटलं ते वसरामकाकांचं. त्यांचा झिजलेला अंगठा यंत्र घेत नव्हतं, आत्ताच कुठे घेतला होता.

"काका, माफ करा," ती म्हणाली, टेबलाखाली वाकली आणि तिने वायरच उपसली.

स्क्रीन काळी झाली.

"काहून बंद केलं?" पुनमचंद ओरडला.

"दुकान माझं, वायर माझी."

दिपक खुर्ची मागे सारून उठला. "गेलं शेठ. समदं गेलं."

महेजबीन वायर हातात घेऊन उभी राहिली. "लोक इथं अंगठा देतात, लेकराबाळांचे फोटो देतात. ही काय धर्मशाळा हाय, कुणीबी यावं आन् कुणाचंबी गाठोडं सोडावं?"

पुनमचंद हसला. "झाक, झाक. मला कळायचं ते कळलं. सोताचं नाव टाकायची हिंमत न्हाई, असले लोक तांड्यावर. असल्यांना टाकी कशाला? डबकं बस झालं."

तो दाराकडे वळला. भिकाबाई बाकावरून उठली. वसरामकाकांनी "बस, बस" म्हणून तिचा हात धरायला पाहिलं, तो तिने सोडवून घेतला.

"महेजबीन, लाव ती वायर," ती म्हणाली. "दुसरी तक्रार लिही. नाव खाली नको, पैलं वरच टाक."

"मावशी, पोरगं..."

"पोरगं बी त्याच विहिरीचं पाणी पितं. तू लिही."

महेजबीनने वायर लावली, कॉम्प्युटर सुरू केला आणि सगळ्यात वर भिकाबाईचं नाव टाइप केलं. दारात थबकून बघत राहिलेल्या पुनमचंदने बाहेर पाऊल टाकलं, तशी भिकाबाईने त्याला हाक मारली.

"थांबा शेठ. नाव बराबर पडलं का, ते तुमीच वाचून सांगा. मला वाचता येत न्हाई."