पुढच्या महिन्यातच

"परत 'त्साय'! सिद्धलिंग, अरे पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!" प्रभाबाईंनी पेन टेबलावर आपटलं.

सिद्धलिंग मान खाली घालून बसला. "चुकलं की वो बाई."

"गोष्ट लवकर झाली तर 'ज्यौ'. एक झालं की लगेच दुसरं, तिथंही 'ज्यौ'. आणि उशिरा, तेव्हा कुठं झाली तर 'त्साय'. मराठीत आपण एका 'च'वर भागवतो, चिन्यांचं तसं नाही. हं, म्हण. मी पुढच्या महिन्यातच पुण्याला जाते."

सिद्धलिंगने डोळे मिटून वाक्य जुळवलं आणि नेमका 'त्साय' घातला.

"म्हणजे पुढच्या महिन्याशिवाय जातच नाही! तू मला सोलापुरातच पुरणार बहुतेक."

बाई रडकुंडीला आल्या होत्या. जन्मभर चिनी दुभाष्याचं काम केलेली बाई, पण या पोरापुढे त्यांनी हात टेकले होते. त्याला पाठवलं होतं त्यांच्या मुलानेच, अनीशने. पुण्यात अनीशच्या चिनी कंपनीत त्याला लावून घ्यायचं होतं. "आई, तो परीक्षा पास झाला की दुसऱ्या दिवशी तुला कायमची न्यायला येतो. हातचं काम अर्धं टाकू नये, तूच शिकवलंस ना?" असं अनीश म्हणाला होता. तेव्हापासून बॅग भरून कॉटखाली पडली होती. नात आता धावायला लागली होती, आणि तेही बाईंना फोनवर बघावं लागत होतं. सिद्धलिंग मात्र दोनदा परीक्षेला बसला आणि दोनदा आपटला.

बरं, मुलगा उनाड म्हणावा तर तसंही नाही. एक दिवस चुकवत नसे. येताना शेंगाचटणी आणे, गॅसची टाकी लावून देई, आणि जाताना हटकून विचारे, "मग बाई, पुण्याचं कसं ठरलंय?"

आजही त्याने विचारलं.

"कसलं पुणं! या खेपेला मी तुला परीक्षेला बसवतच नाही. सहा महिन्यांनी बघू." बाई उठल्या. त्यांनी बॅग ओढली आणि साड्या परत कपाटात लावायला घेतल्या.

सिद्धलिंगने वही पिशवीत टाकली. मग चपला घालून जिना उतरला. खाली पोचतो तोच त्याचा फोन वाजला.

"व्हय अनीशसाहेब, या बारीला बी बाई हितंच ऱ्हातायत... न्हाय वो, संशय न्हाय आला. पर आता दुसरं कुणीतरी बघा साहेब. समदं यायला लागलंय मला, चुकायला लई अवघड जातंय."